केंद्रक वेगळं काढायचं किट : घ्या, पण कॅल्नेक्सिन लावून बघा

पेशीचं केंद्रक एका नळीत, पेशीद्रव दुसऱ्या नळीत काढून देणारं ५० नमुन्यांचं किट चार महिने वापरतेय. पार्सल ऐन पावसात गोव्यात ताळगावला पोचलं, तेव्हा आतल्या बर्फाचं पाणी झालं होतं. पुरवठादार फोनवर म्हणाला, "काही होत नाही हो मॅडम." प्रथिनं कुजू न देणारा प्रोटीएज इनहिबिटर मी गुपचूप नवा घेतला.

माझं काम डेंग्यू-२ या विषाणूच्या, प्रती काढणाऱ्या एनएस५ प्रथिनावर. हा विषाणू आपल्या प्रती पेशीद्रवात, ईआरच्या (पेशीतल्या पडद्यांच्या जाळ्याच्या) पडद्यांवर काढतो, तरी त्याचं एनएस५ केंद्रकात जाऊन बसतं. शंभराहून जास्त किलोडाल्टनचं हे धूड केंद्रकाच्या छिद्रातून आपसूक सरकणारं नव्हे, इम्पोर्टिन नावाच्या वाहक प्रथिनाने आत न्यावं लागतं. ते किती आत गेलं, एवढंच मला मोजायचं होतं.

किट सोपं आहे. पहिल्या बफरमध्ये पेशी फुगतात, बाहेरचा पडदा फुटतो, थंड सेंट्रिफ्यूजमध्ये हळू फिरवलं की केंद्रकं तळाशी. तासाभरात काम होतं. कुठलं प्रथिन कुठल्या नळीत ते पट्ट्यांनी दाखवणारा वेस्टर्न ब्लॉटही देखणा आला : केंद्रकाची खूण असलेलं लॅमिन फक्त केंद्रकात, पेशीद्रवाची खूण असलेलं जीएपीडीएच फक्त पेशीद्रवात. पुस्तिकेतही एवढंच तपासायला सांगितलंय. मी खूश.

सरांनी विचारलं, "कॅल्नेक्सिन लावलंस?"

कॅल्नेक्सिन म्हणजे ईआरच्या पडद्यातलं प्रथिन, ईआरची खूण. त्याची अँटीबॉडी लावली. केंद्रकाच्या रांगेत ठसठशीत पट्टा! केंद्रकाचा बाहेरचा पडदा ईआरलाच जोडलेला असतो. नारळ फोडून खोबरं सोडवलं तरी पाठीला तपकिरी साल राहते, तसं. आणि डेंग्यूचा तर संसारच ईआरवर, म्हणजे माझ्या 'केंद्रकातल्या' एनएस५ मधलं बरंचसं सालीचंच असणार. एक अख्खी आकृती फुकट गेली. केंद्रकातच वाढणाऱ्या हर्पिस विषाणूवर काम असतं तर कदाचित इतकं झोंबलं नसतं.

आता ट्वीन आणि डीऑक्सिकोलेट या साबणासारख्या द्रव्यांनी केंद्रकं एकदा जास्तीची धुते. बेताने हं, जास्त झालं की ती फुटतात आणि डीएनएचा भेंडीसारखा बुळबुळीत गोळा होतो. शिवाय त्याच पेशी डॅपी हा डीएनए रंगवणारा रंग लावून कॉन्फोकल सूक्ष्मदर्शकाखाली बघतेच. लेप्टोमायसिन बी हे औषध देऊन केंद्रकातून बाहेर पडायची वाट अडवली की एनएस५ आत साठलेलं तिथे सरळ दिसतं, किटच्या आकड्यांवर वाद घालत बसावं लागत नाही.

पाचपैकी साडेतीन. पुढचं मागवीन, पण चवथ होऊन पाऊस ओसरल्यावर.