चोकच्या चोवीस ट्यूब काढून एलईडी बसवल्या : दहा महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

बेळगावच्या उद्यमबागेत आमचे लहानसे मशीन शॉप आहे. चार लेथ, एक मिलिंग, एक रेडियल ड्रिल आणि बेंच ग्राइंडर एवढी यंत्रे आहेत, आणि फाउंड्रीतून आलेल्या पंपाच्या व व्हॉल्व्हच्या कास्टिंगचे मशीनिंग करून देणे हे आमचे मुख्य काम आहे. गेल्या वर्षी खंडेनवमीच्या आधी शेडची साफसफाई काढली, त्याच वेळी छताखालच्या चार फुटी चोवीस ट्यूब काढून एलईडी ट्यूब बसवून घेतल्या. सहा महिन्यांपूर्वी कोणी विचारले असते तर मी डोळे झाकून शिफारस केली असती. जून महिन्यात एक प्रसंग घडला आणि माझे मत बदलले. जुलैमध्ये त्याचे खरे कारण सापडले, तेव्हा ते पुन्हा एकदा बदलले. म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

बदल करण्यामागचे कारण सरळ होते. जुनी ट्यूब 36 वॅटची असली तरी तिचा तांब्याचा चोक आणखी दहा-बारा वॅट खातो, म्हणजे ट्यूब जिच्यावर बसते त्या एका पट्टीमागे 48 वॅट धरायला हवेत. नवी ट्यूब 20 वॅटची आहे. चोवीस ट्यूबमागे 672 वॅट वाचतात, आणि दिवसाला दहा तास व महिन्याला सव्वीस दिवस धरले तर सुमारे 175 युनिट होतात. युनिटला सात रुपये धरले तरी महिन्याला बाराशे रुपयांची बचत आहे. यंत्रांच्या कामाप्रमाणे आमचे बिल दर महिन्याला वरखाली होते, त्यामुळे ही बचत बिलात बोट ठेवून दाखवता येत नाही. परंतु हिशेब पक्का आहे. मी प्रत्येकी 210 रुपयांची ट्यूब घेतली होती, तेव्हा पाच महिन्यांच्या आत पैसे वसूल झाले. शिवाय पहाटे व्होल्टेज कमी असताना स्टार्टर फडफडत राहायचे, ते थांबले. चोकची अखंड गुणगुण गेली. पहिल्या आठवड्यात शेड इतकी शांत वाटली की लेथच्या हेडस्टॉकमधील एका बेअरिंगचा आवाज मला प्रथमच स्पष्ट ऐकू आला.

जोडणीबद्दल थोडक्यात सांगतो. आमच्या ट्यूब दोन्ही टोकांकडून वीज घेणाऱ्या, म्हणजे एका टोकाला फेज आणि दुसऱ्या टोकाला न्यूट्रल अशा आहेत. चोक आणि स्टार्टर पूर्ण काढून टाकावे लागतात. बाजारात एकाच टोकाला फेज व न्यूट्रल दोन्ही घेणाऱ्या ट्यूबही मिळतात, आणि दिसायला दोन्ही सारख्याच असतात. एका शेडमध्ये दोन्ही प्रकार कधीही मिसळू नयेत. एका टोकाच्या जोडणीच्या होल्डरमध्ये दुसऱ्या प्रकारची ट्यूब गेली आणि तिच्या त्या टोकाच्या दोन्ही पिना आतून जोडलेल्या असल्या, तर सरळ शॉर्ट होते. ट्यूबवर छापलेली आकृती पाहिल्याशिवाय वायरमनला शिडीवर चढू देऊ नये.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पाऊस असा लागला की सकाळी अकरा वाजताही शेडमध्ये संध्याकाळ झाल्यासारखे वाटत होते. छतातील पारदर्शक पत्र्यांतून एरवी येणारा उजेड जवळजवळ नव्हता. त्याच दिवसांत पितळी बुशांचे काम आले होते, म्हणून तीन नंबरचा लेथ हजार आरपीएमवर, म्हणजे मिनिटाला हजार फेऱ्यांनी, चालत होता. आमचे जुने टर्नर तात्या माझ्याकडे आले आणि म्हणाले, "मालक, चक उलटा फिरतोय बघा." मला वाटले, त्यांना थकवा आला असावा. चक म्हणजे लेथवरचे काम जॉमध्ये, म्हणजे जबड्यांत, धरून फिरवणारा भाग. जाऊन पाहिले तर तीन जॉचा चक मला सहा जॉचा दिसला; ते सहाही जॉ धूसर होते आणि सावकाश मागे सरकत होते. पंधरा फुटांवर ग्राइंडर चालू होता, बाहेर पत्र्यावर पाऊस आदळत होता, त्यामुळे लेथच्या स्वतःच्या आवाजावरून काहीच कळत नव्हते.

त्याच दिवशी दुपारी आयटीआयमधून आलेला आमचा अप्रेंटिस हातात वेस्टचा, म्हणजे पुसायच्या सुताचा, बोळा घेऊन त्या चककडे वाकला. मशीन बंद केले आहे आणि चक आता थांबत आला आहे, अशी त्याची समजूत झाली होती. तात्यांनी त्याची कॉलर धरून मागे ओढले. त्याला काही झाले नाही, परंतु त्यानंतर तासभर मी कोणतेच काम करू शकलो नाही. ज्या मुलाला त्याच्या आईवडिलांनी माझ्या भरवशावर पाठवले आहे, त्याच्या बोटांचा प्रश्न होता.

हे का घडते ते ज्यांना ठाऊक आहे त्यांनी हा परिच्छेद सोडला तरी चालेल. आपली वीज सेकंदाला पन्नास फेऱ्यांची, आणि प्रत्येक फेरीत प्रकाश दोनदा वाढतो व दोनदा मंदावतो, म्हणजे दिवा सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतो. डोळ्याला ते जाणवत नाही. परंतु फिरणारी वस्तू त्या शंभर झोतांतच दिसते. हजार आरपीएमवर चक दोन झोतांच्या मध्ये बरोबर साठ अंश फिरतो, त्यामुळे तीन जॉचे सहा जॉ होऊन ते जागच्या जागी उभे दिसतात. लोडमुळे वेग 980 वर आला, की तेच जॉ मिनिटाला वीस फेऱ्यांच्या गतीने उलटे फिरताना दिसतात. दोन हजार आरपीएमवर तर तीनच जॉ स्थिर दिसतील, आणि ते अधिक घातक आहे.

मी सगळा राग ट्यूबवर काढला. सहा इंची स्टीलची पट्टी ट्यूबखाली जोरात हलवून पाहिली, तर एकाच पट्टीच्या दहा-बारा सुट्या कडा पंख्याच्या पात्यांसारख्या दिसल्या. ऑफिसमधील चांगल्या बल्बखाली तीच पट्टी हलवली, तेव्हा सलग धूसर पट्टा दिसला. ही चाचणी फुकट आहे आणि दुकानात उभ्या उभ्या करता येते. मी ती खरेदीच्या वेळी केली नाही, ही माझी चूक आहे. मग एका ट्यूबचे टोक उघडले. आत बोटभर लांबीचा एक बोर्ड होता. प्रकाशातील चढउतार सपाट करणारा नळकांड्याच्या आकाराचा कपॅसिटर त्यावर कुठेच नव्हता. किंमत कुठून कमी केली आहे, ते तेथेच दिसले.

दुकानदाराकडे गेलो. त्याचे उत्तर ठरलेले होते : "ट्यूब पेटते आहे ना? मग क्लेम कशाचा करायचा?" दोन वर्षांची वॉरंटी फक्त न पेटणाऱ्या ट्यूबसाठी आहे, असे त्याचे म्हणणे होते. अकरा दिवस फोन केल्यानंतर कंपनीचा माणूस आला. त्याने मोबाइलवर उजेड मोजला, आकडा चांगला असल्याचे सांगितले आणि माझी सही मागितली. मी लेथ चालू करून त्याला चक दाखवला, तेव्हा त्याने तो मशीनचा दोष असल्याचे सांगितले. मी सही केली नाही. उजेड किती आहे ही माझी तक्रारच नव्हती.

नाइलाजाने चार लेथवरच्या आठ पट्ट्यांसाठी दुसऱ्या कंपनीच्या, प्रत्येकी 380 रुपयांच्या ट्यूब घेतल्या. दुकानाच्या काउंटरवरच स्टीलची पट्टी हलवून तपासल्या. त्या बसवल्यावर चकचे सहा जॉ नाहीसे झाले. येथवर माझे मत असे झाले होते की स्वस्त ट्यूब सरसकट वाईट आहेत, आणि उरलेल्या सोळाही काढून टाकाव्यात.

परंतु एक प्रश्न मला सोडत नव्हता. चोकवरच्या जुन्या ट्यूबही शंभर वेळाच लुकलुकत होत्या. त्यांच्या आतला पांढरा लेप क्षणभर अधिक उजळत राहतो, त्यामुळे त्या पूर्ण मंदावत नाहीत, हे खरे. तरीही त्यांच्याखाली आमच्या शेडमध्ये असा प्रकार इतक्या वर्षांत एकदाही का दिसला नाही? जुलैमध्ये मिलिंगच्या वरची पट्टी पुसत असताना उत्तर सापडले. काजळीखाली ऑइल पेंटचा निळा ठिपका होता. शेजारच्या पट्टीवर पिवळा, त्यापुढच्या पट्टीवर लाल. चोवीसही पट्ट्यांवर हाच क्रम निघाला. वडिलांनी शेड उभी केली तेव्हाच्या वायरमनने शेजारशेजारच्या ट्यूब मुद्दाम तीन वेगवेगळ्या फेजवर, म्हणजे वीजपुरवठ्याच्या तीन लाइनवर, टाकल्या होत्या. तिन्ही फेज एकामागोमाग शिखरावर येतात, त्यामुळे एक ट्यूब मंदावते तेव्हा शेजारची उजळलेली असते, आणि यंत्रावर पडणारा एकत्र प्रकाश बराचसा सलग राहतो.

ती व्यवस्था आम्हीच मोडली होती. एलईडीमुळे दिव्यांचा लोड साडेअकराशे वॅटवरून 480 वॅटवर आला, म्हणजे जेमतेम दोन अँपिअर. तेव्हा वायरमन म्हणाला होता, "एवढ्याला तीन लाइन कशाला? एकावर घेऊ, दोन एमसीबी प्लगांना मोकळे होतील." (एमसीबी म्हणजे प्रवाह जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच.) मला ते काटकसरीचे वाटले आणि मी होकार दिला. दुकानदारावर आणि कंपनीवर माझा राग अजूनही आहे, कारण कपॅसिटर नसलेला माल त्यांनी कारखान्यासाठी म्हणून विकला. परंतु अर्धा दोष माझ्या त्या होकाराचा आहे.

तिन्ही वायरी पट्ट्यांपर्यंत शाबूत होत्या, फक्त डीबीमध्ये, म्हणजे वीज वाटणाऱ्या पेटीमध्ये, एकत्र केलेल्या होत्या. दोन नवे एमसीबी आणि वायरमनची अर्ध्या दिवसाची मजुरी एवढ्यात त्या पुन्हा वेगळ्या झाल्या. मग मुद्दाम एका लेथवर आधीच्या, स्वस्त एलईडी ट्यूब परत लावून हजार आरपीएमवर पाहिले. जॉ अगदी निरखून पाहिले तरच किंचित भासत होते. जूनमध्ये दिसला तो प्रकार नव्हता. म्हणून उरलेल्या सोळा ट्यूब मी काढल्या नाहीत. त्या गोदाम, मार्ग, तपासणीचे टेबल आणि मिलिंग-ड्रिलच्या बाजूला आहेत. लेथवर मात्र महागड्याच राहतील, तेथे मी पैशाचा विचार करणार नाही. एक सावधगिरी आवश्यक आहे : शेजारच्या दोन पट्ट्या वेगळ्या फेजवर असल्या की त्यांच्या वायरींमध्ये 415 व्होल्ट असतात, म्हणून पट्टीला हात लावण्यापूर्वी तिन्ही एमसीबी पाडावेत.

बाकीच्या दोन गोष्टी लहान आहेत. एलईडी ट्यूब प्रकाश खालीच टाकते, त्यामुळे छताकडचा भाग काळोखात गेला आहे आणि चेन ब्लॉकचा, म्हणजे वजन उचलायच्या साखळीचा, हूक वर असताना दिसत नाही. त्यासाठी एक ट्यूब उलटी, वर तोंड करून लावली आहे. दुसरे म्हणजे, काढलेल्या जुन्या ट्यूबमध्ये पारा असतो. त्या फोडू नयेत आणि भंगारातही देऊ नयेत. दुकानदाराने त्या परत घेतल्या नाहीत. नव्या ट्यूबच्या खोक्यांत भरून त्या सध्या माळ्यावर ठेवल्या आहेत.

मागच्या रविवारी तात्यांनी आणि त्या अप्रेंटिसने मिळून चोवीसही पट्ट्यांवर नव्याने ठिपके रंगवले : लाल, पिवळा, निळा. डीबीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला मी मराठीत आणि कन्नडमध्ये लिहून ठेवले आहे, की या तीन लाइन एकत्र करू नयेत.