छोट्या मंडळांसाठी आयआरएसचा फॉर्म १०२३-ईझेड: कोणी भरावा, कोणी टाळावा

अमेरिकेत एखादं मराठी मंडळ किंवा सेवाभावी संस्था आयआरएस या अमेरिकी करखात्याकडे ५०१(सी)(३) दर्जा (सेवाभावी संस्थेला करमाफी, देणगीदाराला करात वजावट) मागायला निघते तेव्हा समोर दोन अर्ज असतात. पूर्ण फॉर्म १०२३, शुल्क ६०० डॉलर. छोटा १०२३-ईझेड, शुल्क २७५ डॉलर. दोन्ही पे डॉट गव्ह या सरकारी संकेतस्थळावरूनच भरावे लागतात. इथे परीक्षण छोट्या अर्जाचं आहे, कारण बहुतेक मंडळं तोच निवडतात, आणि त्यातल्या काहींनी तो निवडायला नको असतो.

आधी जमेची बाजू. आर्टिकल्स (राज्याकडे दाखल केलेला स्थापनेचा दस्तऐवज), बायलॉज (अंतर्गत नियमावली), अंदाजपत्रक, यांतलं काहीही जोडावं लागत नाही. कामाचं वर्णन २५५ अक्षरांत बसवायचं. उपक्रमाचा एनटीईई कोड, म्हणजे कामाचा प्रकार सांगणारा संकेतांक, निवडायचा. सांस्कृतिक मंडळाला साधारणपणे ए२३ लागू पडतो. हाताशी माहिती असेल तर अर्ज एका बसणीत पुरा होतो. निर्णयही सहसा काही आठवड्यांत येतो, तर पूर्ण अर्जाला कित्येक महिने लागू शकतात. चार-पाच स्वयंसेवकांच्या बळावर चालणाऱ्या संस्थेसाठी ही फार मोठी सोय आहे.

खरी अडचणही याच सोयीत आहे. तुमच्या आर्टिकल्समध्ये योग्य कलमं आहेत का, हे बहुतेक अर्जांत कोणी उघडून पाहत नाही. ‘आहेत’ या चौकोनात खूण करायची आणि खोटं ठरल्यास शिक्षेला पात्र या अटीवर सही करायची. राज्याच्या संकेतस्थळावरचा तयार नमुना भरून आर्टिकल्स दाखल केली असतील, तर त्यात ही कलमं बहुधा नसतातच. दोन गोष्टी शब्दशः तपासा. एक, संस्थेचा हेतू ५०१(सी)(३)मध्ये बसणाऱ्या कामांपुरता मर्यादित आहे का. दोन, संस्था बंद झाल्यास उरलेली मालमत्ता तशाच करमुक्त कामासाठी किंवा सरकारकडे सार्वजनिक कामासाठी जाईल, असं म्हटलंय का. दुसऱ्या बाबतीत काही राज्यांचा कायदाच ही उणीव भरून काढतो, पण त्यावर विसंबू नये. कलमं नुसती बायलॉजमध्ये घालून भागत नाही. कॉर्पोरेशन असेल तर आर्टिकल्सची दुरुस्ती राज्याकडे दाखल करा आणि मगच अर्ज भरा.

ईझेडला पात्र आहात का, हे ठरवणारी प्रश्नावली अर्जाच्या सूचनांच्या शेवटी आहे. एका प्रश्नाचं उत्तर ‘हो’ आलं तरी पूर्ण फॉर्म १०२३ भरावा लागतो. पैशाची मर्यादा अशी: गेल्या ३ वर्षांत कुठल्याही वर्षी एकूण जमा ५०,००० डॉलरच्या वर नको, पुढच्या ३ वर्षांचा अंदाजही त्याच्या आत हवा, आणि मालमत्तेची बाजारभावाने किंमत २,५०,००० डॉलरपेक्षा जास्त नको. खजिनदार चुकतात ते ‘एकूण जमा’ या शब्दांवर. खर्च वजा करून उरलेली रक्कम इथे धरायची नसते. नाटकाची तिकिटं, दिवाळी जेवणाचे पैसे, स्मरणिकेच्या जाहिराती, सभासद वर्गणी, सगळं मोजायचं. नाटकमंडळी भारतातून आणली, ३०,००० डॉलरची तिकिटं विकली आणि हाती फक्त ८०० उरले, तरी जमा ३०,०००च.

मराठी शाळांनी इथे विशेष थांबून विचार करावा. ठरलेला अभ्यासक्रम, नेमलेले शिक्षक, नाव नोंदवलेले विद्यार्थी, ठरावीक जागी नियमित वर्ग, आणि शिकवणं हेच मुख्य काम: या वर्णनात बसणारी संस्था करकायद्याच्या अर्थाने ‘शाळा’ ठरू शकते, आणि शाळांना ईझेड चालत नाही. रविवारी दोन तास भरणारी शाळा त्यात येते की नाही, हे तिच्या प्रत्यक्ष स्वरूपावर ठरेल. शंका असेल तर पूर्ण अर्ज भरावा. त्यात शाळांसाठी वेगळं परिशिष्ट आहे आणि वंशभेद न करण्याचं लेखी धोरणही दाखवावं लागतं. ३२५ डॉलर वाचवण्यासाठी पाया कच्चा ठेवणं मला अजिबात पटत नाही.

दुसरा वर्ग सहली, कोजागिरी आणि हळदीकुंकवापुरत्या मंडळांचा. मुख्य काम सभासदांची करमणूक हेच असेल, तर ते ५०१(सी)(३)मध्ये बसत नाही. त्यांची जागा ५०१(सी)(७), म्हणजे सोशल क्लबमध्ये. तिथे देणगीदाराला वजावट मिळत नाही. कार्यक्रम सर्वांना खुले, कला-भाषेचं शिक्षण किंवा सेवा हा गाभा, आणि स्नेहभोजन दुय्यम, असं कामाचं स्वरूप खरोखर असायला हवं. नुसते शब्द तसे लिहून उपयोग नाही.

गावच्या शाळेला किंवा दुष्काळी भागाला पैसे पाठवणाऱ्या संस्थांनीही पूर्ण अर्जच भरावा, असं माझं ठाम मत आहे. परदेशी मदतीबद्दल ईझेडमध्ये फक्त हो-नाही विचारतात. पूर्ण अर्जात पैसे कुणाला देणार, वापर कसा तपासणार, ताबा कोणाकडे राहणार, हे लिहावं लागतं आणि त्या निमित्ताने कामाची पद्धतच बसते. देणगीदाराने नाव सांगायचं आणि मंडळाने रक्कम तशीच पुढे धाडायची, ही पद्धत वजावट धोक्यात आणते. निर्णय बोर्डाचा हवा आणि त्याची नोंद इतिवृत्तात हवी. घेणाऱ्या भारतीय संस्थेकडे एफसीआरए नोंदणी (परदेशी देणगी घेण्यासाठी भारतात लागणारी) आहे ना, हेही आधी पाहा.

मुदतीचं गणित सोपं आहे: संस्था स्थापन झाली त्या महिन्याच्या अखेरीपासून २७ महिन्यांच्या आत अर्ज गेला, तर दर्जा स्थापनेच्या तारखेपासून लागू होऊ शकतो. उशीर झाला तर सहसा अर्जाच्या तारखेपासून. मात्र आर्टिकल्स दाखल होण्याआधी ईआयएन, म्हणजे आयआरएसकडून संस्थेला मिळणारा ओळख क्रमांक, घेऊ नका. क्रमांक मागितला की संस्था अस्तित्वात आली असं आयआरएस धरते आणि वार्षिक विवरणपत्राचं घड्याळ सुरू होतं.

हे घड्याळच सर्वांत जास्त छोट्या संस्थांना नडतं. सर्वसाधारणपणे ५०,००० डॉलरपर्यंत जमा असेल तर ९९०-एन हे छोटंसं ऑनलाइन विवरण पुरतं. वर्ष डिसेंबरअखेर संपत असेल तर १५ मेपर्यंत. फी नाही, पण सलग ३ वर्षं चुकलं की दर्जा कायद्यानेच आपोआप रद्द होतो आणि पुन्हा अर्ज, पुन्हा शुल्क. कार्यकारिणी बदलताना नव्या खजिनदाराच्या हाती बँकेच्या कागदांबरोबर ९९०-एनची लॉगिन माहिती आणि मागच्या वर्षीच्या स्वीकृतीची प्रत द्या.