आठ जणांचा ग्रुप, तीन ठिकाणं आणि ५३,७९६ रुपये

आकडा आधीच सांगतो, म्हणजे हा माणूस महागड्या बिअरवरून बोंबलतोय असं कुणाला वाटायला नको. रात्रीच्या टूरच्या बुकिंगचे ९,९९६, क्लबमध्ये ४२,००० आणि मध्यरात्रीनंतर परतीच्या टॅक्सीला १,८००. एकूण ५३,७९६ रुपये. एका रात्रीत, गोव्यात, चौघांचे. आम्ही ते उडवले नाहीत, ते आमच्याकडून उकळले.

डिसेंबरात मी, बायको, मेहुणा आणि त्याची बायको असे गेलो होतो. किनाऱ्याच्या रस्त्यावर "सर, क्लब? फ्री एन्ट्री सर" करत अंगावर येणारे दलाल आम्हाला माहीत होते. त्यांच्यामागे जाणाऱ्याचं काय होतं, हे तुम्हालाही माहीत आहे, त्यावर शाई वाया घालवत नाही. त्या लोकांपासून लांब राहायचं म्हणूनच आम्ही ठरवलं, की रात्रीची नीट आखलेली टूर घ्यायची, गाइडसकट, आधी पैसे भरून. बायका सोबत असताना माणूस दुसरं काय करणार? म्हणून "हावरटपणा नडला" असं मला म्हणणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं, की स्वस्तात मजा मारायला आम्ही गेलो नव्हतो. सुरक्षित वाटलं म्हणून जास्तीचे पैसे मोजले होते.

जाहिरात इन्स्टाग्रामवर दिसली. लोकल माणसासोबत पणजीची रात्र, फक्त आठ जणांचा ग्रुप, तीन ठिकाणं, प्रत्येक ठिकाणी एक ड्रिंक आणि खाणं, गाडीने हॉटेलवर परत. माणशी २,४९९. व्हॉट्सअ‍ॅपवर बोलणं झालं, यूपीआयने ९,९९६ पाठवले. पैसे कंपनीच्या नाही, एका बाईच्या वैयक्तिक नावावर गेले. विचारलं तर "अकाउंट्स वहिनी बघतात" असं उत्तर आलं. छोट्या धंद्यात घरच्या माणसाचं खातं वापरतात, आमच्या कोल्हापुरात निम्मी दुकानं तशीच चालतात, त्यामुळे त्यात काही वावगं वाटलं नाही. आता सांगतो, वैयक्तिक नाव दिसलं की तिथेच थांबा. गोव्यात टूर चालवणाऱ्याला आणि गाइडला १९८२ च्या कायद्याखाली पर्यटन खात्याकडे नोंदणी करावी लागते. नोंदणी क्रमांक मागा. जो टाळाटाळ करेल त्याला ब्लॉक करा.

गाइड तिशीचा, नीटनेटका, बायकोला "वहिनी" आणि मला "दादा" म्हणणारा. मराठी बोलायचा, मध्येच कोकणी हेल. त्याने आम्हाला पणजीच्या चर्चच्या पायऱ्यांपाशी बोलावलं आणि तिथून फोंतेन्हासच्या, म्हणजे जुन्या पोर्तुगीज वस्तीच्या, गल्ल्यांतून फिरवलं. पहिला तास खरोखर चांगला गेला, हे मी मुद्दाम लिहितोय. पिवळ्या-निळ्या भिंती, लाकडी बाल्कन्या, कोपऱ्यावरच्या गाड्यावरचं रोस (रस्सा) ऑम्लेट, एका छोट्या तावेर्नात, म्हणजे गावठी बारमध्ये, चोरीस (गोवन सॉसेज) पाव. फेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळालं, काजूची वेगळी, माडाची वेगळी, सगळं त्याने व्यवस्थित सांगितलं. या धंद्यात पहिला तास खराच असतो. त्या तासावरच तुमचा विश्वास विकत घेतला जातो, आणि ती खरेदी त्यांना चारशे-पाचशे रुपयांत पडते.

आठ जणांपैकी आम्ही चार. बाकी दोन तरुण, "इंदूरचे". उरलेले दोघं "फ्लाइट लेट झाली म्हणून नंतर जॉइन होतील". ते कधीच आले नाहीत, आणि ते अस्तित्वात होते असं आज मला वाटत नाही.

आता ती गोष्ट, जी आठवली की अजून रात्री झोप उडते. तावेर्नातून बाहेर पडून पुढच्या एका ठिकाणी तो म्हणाला, "दादा, आता तुम्हाला ताजं हुर्राक पाजतो, जाहिरातीत लिहिलं होतं ना." ग्लास आले. लिम्का, मीठ, उभी चिरलेली हिरवी मिरची, अगदी रीतसर. माझं आजोळ वेंगुर्ल्याकडचं आहे. काजूची बोंडं पिकतात उन्हाळ्याच्या तोंडावर, ती तुडवून रस काढतात, तो आंबवून पहिल्या धारेचं निघतं ते हुर्राक, आणि ते मार्च ते मे एवढंच मिळतं. टिकत नाही म्हणून त्याची पुन्हा धार काढून फेणी करतात. डिसेंबरात काजूला जेमतेम मोहोर असतो. लहानपणी बोंडू खाऊन घसा खवखवलेला मी, ग्लासाचा वास घेतला, त्याला ना बोंडाचा वास होता ना काही. साखरेच्या पाण्यात कसलीतरी दारू. मी म्हणालोसुद्धा, "आत्ता हुर्राक कुठून?" तर पटकन उत्तर, "मागच्या सीझनचं जपून ठेवलंय दादा, खास पाहुण्यांसाठी."

तिथे उठायला हवं होतं. हुर्राक ताजं असेल तर डिसेंबरात मिळणार नाही, आणि मागच्या सीझनचं असेल तर ते ताजं नाही. एवढं साधं गणित समोर मांडलेलं होतं. पण इंदूरचे दोघं "वाह, क्या चीज है" करत होते, मेहुणा पहिल्यांदाच पीत होता, बायका हसत होत्या, आणि ग्लासभर पेयावरून चारचौघांत वाद घालणारा माणूस सुट्टीत कुणालाच नको असतो. सुट्टीला गेलेला माणूस पंचांग उघडून बसत नाही. त्यांना हे पक्कं ठाऊक असतं. जो माणूस एका खोट्यावर गप्प बसतो तो पुढच्यावरही बसेल, याची ती चाचणी होती असं मला आज ठामपणे वाटतं.

तिसऱ्या ठिकाणी "प्रायव्हेट पार्टी लागली", म्हणून गाडी मांडवीच्या पुलावरून किनाऱ्याकडे निघाली. ठरलेली जागा ऐनवेळी बदलली की उतरा. रस्त्यात उतरा, टॅक्सीचे पैसे जाऊ द्यात, पण उतरा.

क्लबच्या दारात प्रत्येक जोडप्याचं २,००० कव्हर, म्हणजे आत जायचे पैसे. "आत अ‍ॅडजस्ट होतं दादा, काळजी नको, शेवटी बिलात बघू." मेन्यू कार्ड मागितलं, तर "आपलं पॅकेज आहे, मी सांगतो त्यांना." प्लॅटर आले, शॉट्स आले, एक बाटली आली. बाटली कुणी मागवली? गाइडने. शॉट्स बहुतेक इंदूरवाल्यांनी उचलले. बायकांनी तर दोन-दोन मॉकटेल घेतली फक्त. साडेअकराला मी निघू म्हणालो आणि बिल आलं.

त्या बिलाचा फोटो माझ्या बायकोने काढला होता, म्हणून ओळीनिशी सांगू शकतो. व्हिस्कीची बाटली १४,०००. शॉट्स १६, प्रत्येकी ६५०, म्हणजे १०,४००. प्लॅटर दोन, ४,८००. मॉकटेल चार, २,४००. "टेबल मिनिमम" ५,०००. बेरीज ३६,६००. त्यावर सर्व्हिस चार्ज १० टक्के, ३,६६०. या सगळ्यावर जीएसटी १८ टक्के, ७,२४७. एकूण ४७,५०७. दारात अ‍ॅडजस्ट होणार म्हटलेल्या कव्हरचा कुठे पत्ता नाही. उलट ते "टेबल मिनिमम"मध्ये गेलं म्हणे.

आता हे बिल किती खोटं होतं ते बघा. दारूवर जीएसटी लागतच नाही, तिच्यावर राज्याचा व्हॅट असतो. साध्या रेस्टॉरंटमध्ये खाण्यावरचा जीएसटी ५ टक्के. सर्व्हिस चार्ज बिलात आपोआप लावायला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्येच मनाई केली आहे, आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती उचलून धरली. आणि सगळ्यात मोठं म्हणजे बिलावर छापलेला जीएसटी क्रमांक ०७ ने सुरू होत होता. ०७ म्हणजे दिल्ली. गोव्याचा क्रमांक ३० ने सुरू होतो, महाराष्ट्राचा २७ ने. जीएसटीच्या वेबसाइटवर तो क्रमांक टाकला तर नोंदणी "रद्द" दाखवते. हे मी घरी आल्यावर शोधलं. रात्री साडेअकराला, कानठळ्या बसवणाऱ्या आवाजात, दारात दोन बाउन्सर हाताची घडी घालून उभे असताना आणि बायको दंडाला धरून "अहो, द्या आणि चला इथून" म्हणत असताना कुणी जीएसटी क्रमांक तपासत नाही.

इंदूरवाल्यांनी "हम अपना दे देते हैं" म्हणत मॅनेजरच्या हातात काही नोटा ठेवल्या आणि निघून गेले. किती दिल्या, कुणी मोजल्या, काही नाही. आम्हाला दाखवायला होतं ते. मग गाइड पुढे झाला, "दादा, मी बोलतो त्यांच्याशी." आत गेला, घाम पुसत आला, "खूप भांडलो, ४२,००० वर आणलंय." म्हणजे आम्ही त्याचे उपकार मानायचे! २५,००० यूपीआयने दिले, ते कुठल्याशा ट्रेडर्सच्या नावावर गेले. १७,००० कार्डावर, त्या स्लिपवर तिसरंच नाव. पैसे मिळताच मॅनेजरने टेबलावरचं बिल उचलून नेलं. गाइड "गाडी आणतो" म्हणून गेला तो गेलाच. फोन बंद. टॅक्सीवाल्याने १,८०० सांगितले, तेही दिले.

म्हणून बिल टेबलावर आलं की पहिलं काम फोटो. पैसे देण्याआधी. त्यांना दिसेल असा काढा, त्यांना काय वाटतं याची पर्वा करू नका.

आता अधिकाऱ्यांबद्दल. खरा संताप इथे आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोलीस ठाण्यात गेलो. पहिला प्रश्न, "तुम्ही प्यायला होता ना?" होय, प्यायलो होतो, गोव्यात तो गुन्हा आहे का? दुसरा प्रश्न, "कुणी मारलं का?" नाही. "मग पैसे तुम्हीच दिलेत. हे सिव्हिल मॅटर आहे." साहेब बाहेर गेलेत, थोडं बसा. बसलो. उन्हं डोक्यावर आली. मग कुणीतरी येऊन सांगितलं, की तुमची सुरुवात पणजीतून झाली, तिकडच्या ठाण्यात जा. तिकडे गेलो तर ते म्हणतात, पैसे दिले किनाऱ्यावर, तिकडे जा. बायको एका बाकड्यावर, मेहुण्याची बायको दुसऱ्या बाकड्यावर, चौघांची सुट्टी ठाण्यांच्या पायऱ्या झिजवण्यात संपली. लेखी अर्ज दिला तर त्यावर शिक्का मारून पोच द्यायलाही तयार नाहीत. "ठेवून जा, बघतो."

हद्दीचं कारण कायद्याने चालतच नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे, दखलपात्र गुन्हा कुठेही घडलेला असो, कुठल्याही ठाण्यात माहिती नोंदवता येते. दारात बाउन्सर उभे करून पैसे काढणं ही खंडणी, भारतीय न्याय संहितेचं कलम ३०८. खोटं सांगून पैसे घेणं ही फसवणूक, कलम ३१८. यात सिव्हिल काय आहे? गोव्यात पर्यटनस्थळांच्या संरक्षणाचा २००१ चा कायदा आहे, त्यात दलाली हा उपद्रव धरलेला आहे, २०२५ मध्ये दुरुस्ती करून दंड एक लाखापर्यंत नेला. कायदे भरपूर आहेत. ते राबवणारा माणूस मात्र आम्हाला विचारतो, "प्यायला होता ना?" स्कूटरवरच्या पर्यटकाला हेल्मेटसाठी अडवायला चौकाचौकात माणसं मिळतात. रोज रात्री तेच दलाल, तेच बाउन्सर, तेच क्लब, ते मात्र कुणाला दिसत नाहीत! हे डोळ्यांआड होतं यावर मी विश्वास ठेवत नाही.

घरी आल्यावर आमच्या शहरातल्या ठाण्यात गेलो. "गोव्यात घडलं, तिकडे द्या." बँकेला कार्डाच्या व्यवहाराबद्दल लिहिलं, उत्तर आलं की पिन तुम्ही स्वतः टाकलात, व्यवहार वैध. त्यांना फोटो पाठवला, स्लिपवरचं नाव आणि बिलावरचं नाव वेगळं आहे हे दाखवलं, पुन्हा तेच उत्तर, शब्दही तेच.

म्हणून ज्यांच्यावर ही वेळ येईल त्यांना सांगतो, ठाण्यात तोंडी बोलण्यात वेळ घालवू नका. क्लबमध्येच उभं राहून ११२ लावा, आत्ता डांबून ठेवलंय म्हणून सांगा. नंतर गेलात की तुम्ही फक्त एक भांडकुदळ पर्यटक असता. पोच देत नसतील तर तोच अर्ज रजिस्टर्ड पोस्टाने पोलीस अधीक्षकांना पाठवा, कलम १७३ मध्येच ती सोय आहे. आणि ग्राहक आयोगात जा. २०१९ च्या कायद्याप्रमाणे तुम्ही राहता त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, गोव्याला हेलपाटे नकोत, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही आणि वकील लागतोच असं नाही.

मी तक्रार दाखल केली आहे. अडचण एवढीच, की नोटीस कुणाला बजावायची? बिलावर एक नाव, यूपीआयवर दुसरं, कार्डाच्या स्लिपवर तिसरं, बुकिंगच्या खात्यावर चौथं. मी चौघांनाही प्रतिवादी केलंय. ती जाहिरात अजून चालू आहे, नंबर बदलला आहे, फोटो तेच आहेत. ३१ डिसेंबरचा दर माणशी ३,९९९ लावलाय, आणि खाली अजूनही लिहिलंय, ताजं हुर्राक.