पहिला एफ-४ सीझन: चेन्नई-कोइमतूर की दुबई-अबुधाबी?

कोल्हापूरच्या मोहिते ट्रॅकवर किंवा बंगळुरूला कार्टिंगचे दोन-तीन सीझन झाले आणि मुलगा किंवा मुलगी पंधरा वर्षांची झाली, की घरात एकच विषय सुरू होतो: पहिली सिंगल-सीटर (एकाच माणसाची, उघड्या चाकांची रेसकार) कुठे चालवायची? आशियात पर्याय बरेच आहेत. पण महाराष्ट्रातल्या कुटुंबाने नीट हिशेब मांडला तर शेवटी दोनच उरतात. एक म्हणजे पावसाळ्याच्या उत्तरार्धात सुरू होणारी एफ-४ (फॉर्म्युला ४, कार्टिंगनंतरची पहिली पायरी) इंडियन चॅम्पियनशिप. दुसरा आखातातला जानेवारी-फेब्रुवारीचा हिवाळी सीझन, जो बरीच वर्षं एफ-४ यूएई या नावाने ओळखला गेला.

आमचं मत आधीच सांगतो. पहिल्या वर्षी नाव बघू नका, गाडी बघू नका; पोराला प्रत्यक्ष किती लॅप मिळणार ते मोजा. त्या मोजमापात भारत पुढे आहे.

गाडीत फरक किती?

निर्णय फिरेल इतका नाही. दोन्हीकडे एफआयएच्या (जागतिक मोटरस्पोर्ट संघटनेच्या) दुसऱ्या पिढीची एफ-४ आहे: कार्बन फायबरचा टब (ड्रायव्हर बसतो तो सांगाडा), डोक्यावर हेलो (संरक्षक कडं), पॅडलने बदलणारे सहा गिअर आणि साधारण १८० हॉर्सपॉवर. भारतात मिगाल एम-२१ आणि तिला अल्पिनचं १.३ लिटर टर्बो इंजिन. आखातात तातूस टी-४२१ आणि अबार्थचं १.४ लिटर टर्बो. पॉवर स्टीअरिंग कुठेच नाही. ब्रेकलाही बूस्टर नाही, त्यामुळे पेडलवर पन्नास किलोंच्या पुढचा जोर द्यावा लागतो, तोही डाव्या पायाने आणि प्रत्येक लॅपला तितकाच. कार्टिंगमधून आलेली मुलं कोपऱ्यात वेग राखण्यात तरबेज असतात, पण ब्रेकच्या पहिल्या क्षणाला पुरेसा दाब देत नाहीत. डेटामध्ये ब्रेकची रेघ टेकाडासारखी हळूहळू चढताना दिसते, ती भिंतीसारखी उभी हवी. हे सुधारायला लॅपच लागतात, दुसरा उपाय नाही.

एक फरक मात्र लोक विसरतात: सीट. दोन रसायनं मिसळून पिशवीत फोम ओततात आणि ड्रायव्हरला टबात बसवून तो फुगू देतात, तसा सीटचा साचा तयार होतो. मिगालसाठी ओतलेली सीट तातूसमध्ये नीट बसत नाही, पुन्हा ओतावी लागते. अर्धा दिवस जातो, तो वेगळा धरा. फोम पाठीखाली जास्त झाला तर ड्रायव्हर वर येतो आणि हेल्मेट रोल हूपच्या (गाडी उलटली तर डोकं वाचवणाऱ्या कमानीच्या) रेषेकडे सरकतं. कमरेजवळ पोकळी राहिली तर ब्रेक दाबताना अंग पुढे घसरतं आणि पाचव्या लॅपला पाठ धरते. सीट थंड झाल्यावर हातमोजे घालून स्टीअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवून बघा. कोपर टबाला घासत असेल तर तिथेच कापून घ्या. शुक्रवारच्या प्रॅक्टिसवर ढकलू नका.

लॅपांचा हिशेब

कोइमतूरचा करी मोटर स्पीडवे २.१ किलोमीटरचा. एफ-४ ची लॅप मिनिटभराच्या आसपास. अबुधाबीचा यास मरिना ५.२८१ किलोमीटर, दुबई ऑटोड्रोम ५.३९ किलोमीटर, तिथे एक लॅप दोन मिनिटांच्या घरात जाते. आता पंधरा मिनिटांचं सेशन धरा. करीवर बारा-तेरा लॅप होतात. यासवर पिट लेनमधून बाहेर पडण्याची आणि परतीची लॅप वजा केली तर वेगाच्या पाचच हातात येतात. नव्या टायरची उत्तम पकड त्यातल्या दोन-तीन लॅपांतच मिळते. त्यातल्या एकीत पुढची गाडी आडवी आली आणि दुसरीत ट्रॅकची हद्द ओलांडली म्हणून वेळ रद्द झाला, की क्वालिफायिंग (रेसमधली सुरुवातीची जागा ठरवणारं सेशन) संपलं. अनुभवी ड्रायव्हर एका लॅपमध्ये काम उरकतो; नवख्याला ते जमत नाही, आणि त्यात त्याचा दोष नसतो.

चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईचा मद्रास इंटरनॅशनल सर्किट ३.७१७ किलोमीटरचा आहे, म्हणजे मधला. पहिलाच वेगवान उजवा कोपरा पोटात गोळा आणतो, आणि एफ-४ शिकायला तो फार चांगला आहे. पंखांचा दाब वेगाबरोबर वाढतो, जितकं जोरात जाल तितकी गाडी जमिनीला चिकटते, हे कार्टमध्ये कधी कळत नाही. इथे एका कोपऱ्यात कळतं. करी अरुंद आहे, चूक झाली की गाडी मातीत. आखातात बाहेर डांबरी मोकळी जागा असते, त्यामुळे गाडी वाचते, पण लॅप रद्द होते. मातीची भीती असलेला ड्रायव्हर कडेला दोन इंच जागा ठेवायला शिकतो. आमच्या मते पहिल्या वर्षाला हीच शिस्त जास्त उपयोगी.

भारतीय सीझनमध्ये ऑगस्ट २०२४ च्या शेवटी चेन्नईच्या आयलंड ग्राउंडभोवती साडेतीन किलोमीटरच्या रस्त्यावर रात्रीची रेस झाली. काँक्रीटच्या भिंतींमधून, दिव्यांच्या उजेडात. नवख्या ड्रायव्हरसाठी अशी फेरी नाकारायची की घ्यायची, हे संघाशी आधीच बोलून ठेवा, कारण तिथली छोटी चूकही सस्पेन्शनच्या बिलावर येते.

समोर कोण असतं?

आखातात तीसच्या आसपास गाड्या, त्यात युरोपातल्या अकादम्यांची मुलं. ती आपला मुख्य सीझन सुरू होण्याआधी हात बसवायला येतात. २०२४ चा विजेता फ्रेडी स्लेटर मुंबई फाल्कन्सकडून चालवत होता. त्याच संघाकडून एफ-४ च्या वरच्या पायरीवर, फॉर्म्युला रीजनलमध्ये, २०२२ ला आर्थर लक्लेर आणि २०२३ ला आंद्रेया किमी अँटोनेली जिंकले. नावात मुंबई आहे म्हणून आपल्या पोराला तिथे सोपी जागा मिळेल असं समजू नका. गाड्या हाताळणारी माणसं इटलीच्या प्रेमा संघाची होती, आणि दर्जाही तोच.

भारतात डझन-दीड डझन गाड्या. म्हणून सोपं? नाही. २०२३ ला ऑस्ट्रेलियाचा कूपर वेबस्टर जिंकला, २०२४ ला दक्षिण आफ्रिकेचा अकील अलीभाई. पण इथे नवखा ड्रायव्हर आठवा-नववा धावतो आणि पुढच्या गाडीशी झुंज देतो. तिथे तो पंचविसाव्या जागेवरून सुटतो, पहिल्या कोपऱ्यात कोणाचं तरी चाक त्याच्या पुढच्या पंखावर येतं आणि सेफ्टी कारमागे रेस संपते. शिकायला काहीच मिळत नाही, बिल मात्र मिळतं.

सुपर लायसन्सच्या (एफ-१ चालवायला लागणाऱ्या परवान्याच्या) गुणांचा विचार आत्ता करू नका. एफ-४ चॅम्पियनशिपच्या विजेत्याला १२, आणि एफ-१ साठी लागतात ४०.

पैसा कुठे गळतो

संघाने सांगितलेला आकडा हा सीझनचा खर्च नसतो. कोटेशन हातात आलं की त्यात काय नाही ते शोधा: टेस्टचे दिवस, टेस्टचे टायर, पेट्रोल, स्पर्धेची फी, इंजिनिअर, ड्रायव्हर कोच, विमा, आणि सगळ्यात मोठी गळती म्हणजे मोडतोड. पुढचा पंख, नाकाचा भाग, पुशरॉड आणि विशबोन (सस्पेन्शनचे दांडे), रेडिएटर ही नवख्याची नेहमीची यादी. करारात मोडतोडीला कमाल मर्यादा आहे का, आणि दुसऱ्याच्या चुकीने गाडी मोडली तरी तुम्हीच भरायचं का, हे लेखी घ्या. बहुतेक ठिकाणी तुम्हीच भरता.

भारतात प्रवास-राहणं स्वस्त आणि व्हिसाची कटकट नाही. आखातात रेसचे वीकेंड सलग जवळ असतात, म्हणून मुक्काम लांबतो. तिथे चालवायला एफएमएससीआयकडून (भारतातल्या मोटरस्पोर्ट महासंघाकडून) आंतरराष्ट्रीय दर्जाचं लायसन्स आणि परदेशात भाग घेण्याची परवानगीही लागते. अर्ज आदल्या आठवड्यात करू नका.

कार्टिंगचं हेल्मेट दोन्हीकडे चालत नाही. आगीपासून संरक्षणाची चाचणी त्याची झालेली नसते आणि हॅन्सच्या (मान सांभाळणाऱ्या उपकरणाच्या) खुंट्यांची जागाही बहुधा नसते. एफआयए ८८५९ किंवा ८८६० चं लेबल बघून घ्या, ड्रेस ८८५६-२०१८ चा.

शाळा आणि हवा

महाराष्ट्र बोर्डाच्या बारावीच्या परीक्षा फेब्रुवारीत सुरू होतात आणि दहावीच्या त्यांच्या पाठोपाठ. आखाती सीझन नेमका त्यावर आदळतो. पंधरा-सोळाचं वय म्हणजे दहावीच. पोर हॉटेलात भूमितीचं पुस्तक उघडून बसतं आणि धड ना अभ्यास, ना डेटा. भारतीय सीझन पहिल्या सत्रात येतो, शनिवार-रविवार सांभाळता येतात.

भारताची उणीव म्हणजे पाऊस. ऑक्टोबर ते डिसेंबर तमिळनाडूत ईशान्य मोसमी पाऊस असतो. डिसेंबर २०२३ मध्ये मिचाँग चक्रीवादळामुळे चेन्नईची रस्त्यावरची रेस पुढे गेली. विमानाची तिकिटं बदलता येतील अशीच काढा. आणि उकाडा. टायर दहा अंश तापला की प्रेशर साधारण एक पीएसआयने चढतं. सकाळी ठरवलेलं थंड प्रेशर दुपारी तसंच ठेवलं तर चौथ्या लॅपपासून मागची चाकं घसरायला लागतात आणि ड्रायव्हर म्हणतो सेटअप बिघडला. आधी टायर मोजा, मग स्प्रिंगला हात लावा. आखातात जानेवारीत उलटी गत: रात्रीच्या सेशनला डांबर गार, पहिल्या दोन लॅप टायर तापतच नाहीत, आणि पहिल्याच ब्रेकला गाडी सरळ जाते.

बाकीचे पर्याय, थोडक्यात

बजेट एफ-४ इतकं नसेल तर कोइमतूरची एलजीबी फॉर्म्युला ४ घ्या. मारुतीचं १.३ लिटर इंजिन, हाताने बदलायचे गिअर, आणि भरपूर गाड्यांमध्ये चाकाला चाक लावून झुंज. रेस कशी लढायची हे ती एफ-४ पेक्षा चांगलं शिकवते. जपानची एफ-४ दर्जेदार आहे, २०१८ ला युकी सुनोदा तिथूनच एफ-१ च्या वाटेवर गेला; पण गाडी त्यांची वेगळी, इंजिनिअरशी बोलणं जपानीत, आणि सुझुका-फुजीवर वाढलेल्या मुलांपुढे पाहुण्याला अख्खं वर्ष लागतं. फॉर्म्युला रीजनल मिडल ईस्टची २७० हॉर्सपॉवरची गाडी पहिल्या वर्षी नकोच.

पैसा आणि परीक्षा दोन्ही जुळत असतील तर क्रम असा ठेवा: ऑगस्टपासून भारतीय सीझन पूर्ण, डिसेंबरमध्ये तातूसमध्ये किमान दोन दिवस टेस्ट, आणि जानेवारीत आखातातली पहिली एक-दोनच फेरी. संघ पूर्ण सीझनचाच आग्रह धरत असेल तर दुसरा शोधा. टेस्टच्या दिवशी स्टॉपवॉच घेऊन पिट वॉलवर उभे राहा आणि गाडी दिवसभरात किती मिनिटं ट्रॅकवर होती ते लिहून काढा. सही करण्याआधी त्या मिनिटांवरून एका लॅपला किती रुपये पडले ते काढा, आणि तोच भागाकार भारतीय संघाच्या कोटेशनवर करून दोन्ही आकडे शेजारी ठेवा.