वॉटर टॉर्च: गणपतीपासून होळीपर्यंतचा वापर

नौपाड्यात आमचं दागिने दुरुस्तीचं छोटं दुकान आहे. गणपतीच्या आधी वॉटर टॉर्च, म्हणजे दागिने जोडायची बारीक ज्योतीची मशीन, घेतली, आता होळी आली.

'पाण्यावर चालते' असं सांगून ती विकतात, पण ते फसवं आहे. मशीन विजेने डिस्टिल्ड वॉटरचं विघटन करतं आणि निघालेला हायड्रोजन-ऑक्सिजन नळीतून येऊन जळतो. म्हणजे खर्च विजेचा. शिवाय पाण्यात पोटॅशियम हायड्रॉक्साइड घालावं लागतं. ते कातडी भाजतं, डोळ्यांत गेलं तर विचारूच नका. भरताना हातमोजे आणि चष्मा हवाच. विकणाऱ्याने याचा उल्लेखही केला नाही, वर "नळाचं पाणीही चालेल" म्हणाला. अजिबात चालत नाही.

पण बारीक चेन जोडायला हिच्यासारखं काही नाही. नोझल इंजेक्शनच्या सुईएवढं. तुटलेल्या कडीला सवागी (टाकणखार) लावायची, फटीवर झाळेचा, म्हणजे सांधा जोडणाऱ्या धातूचा, कण ठेवायचा आणि ज्योत जवळ आणायची. कण लकाकतो आणि फटीत ओढला जातो, शेजारची कडी जशीच्या तशी. गॅसवर हेच करताना दोन-तीन कड्या चिकटून बसायच्या. काजळीही धरत नाही, त्यामुळे पॉलिशचा वेळ वाचतो. मंगळसूत्राच्या वाटीची कडी असो की अंगठीचा साइज, आता हीच हातात येते. मोती-पोवळं मात्र आजही आधी काढूनच ठेवतो, सोन्यातून उष्णता लांब जाते.

हात थांबला की संपलं. सोनं 1064 अंशांना वितळतं आणि ही ज्योत 2800 च्या आसपास. त्यात नुसती ज्योत उजेडात दिसतच नाही. म्हणून वायू मिथेनॉलच्या बाटलीतून सोडतात. ज्योत दिसायला लागते, थोडी मवाळही होते. मिथेनॉल विषारी, तेव्हा खिडकी उघडी आणि एक्झॉस्ट चालू.

चांदीच्या पैंजणांपुढे मात्र ही हरते. चांदी उष्णता भराभर पसरवते, आणि एवढ्याशा ज्योतीने सगळा भाग तापत नाही. आमचे बंगाली कारीगर त्यासाठी सरळ गॅसकडे वळतात. सोनं गाळायलाही गॅसच. सिलिंडर परत द्यायचा बेत मी केव्हाच सोडला.

बंद करताना आधी ज्योत विझवायची, मग मशीन. उलट केलं तर दाब उतरतो आणि ज्योत नळीत शिरते. ती अडवणारा फ्लॅशबॅक अरेस्टर बसवलेला आहे का, ते पैसे देण्याआधी मशीन उघडून बघा.