सेजचं बाल्कनी किट: बी चांगलं, जोड्या चुकलेल्या

सांगली-मिरजेकडे नर्सरीत ‘साल्व्हिया’ मागितला की बहुतेक वेळा लाल तुऱ्यांचा शोभेचा साल्व्हिया हातात पडतो. तो दिसायला झकास, पण स्वयंपाकात निरुपयोगी. खाण्याचा सेज, म्हणजे पाश्चात्त्य स्वयंपाकातली एक सुगंधी वनस्पती, हाही साल्व्हियाचाच प्रकार, पण त्याची पानं करडी-हिरवी, लांबट असतात. त्यांच्यावर बारीक लव आणि दाणेदार खरखर असते, आणि पान चुरगळलं की कापराकडे झुकणारा उग्र वास बोटांना बराच वेळ राहतो. ही रोपं सहज मिळत नाहीत, म्हणून ऑनलाइन विकलं जाणारं हे ‘सेज आणि सोबती’ किट घ्यायचा मोह होतो.

खोक्यात सेज, थाईम, रोजमेरी आणि बेसिल अशी चार पाकिटं, कोकोपीटच्या (नारळाच्या काथ्याच्या भुशाच्या) चकत्या, एक लांबट कुंडी आणि माहितीपुस्तिका आहे. सेजचं बी टपोरं आणि काळपट आहे, त्यात भेसळ दिसत नाही. ते अर्धा सेंमी खोल पेरा. माती नुसती ओलसर राहिली तर 10 ते 21 दिवसांत उगवतं. पाकिटावर पॅकिंगची तारीख मात्र नाही. सेजचं बी जुनं झालं की उगवण झपाट्याने घटते, त्यामुळे ही चूक लहान नाही. रोजमेरीचं बी देणं म्हणजे गिऱ्हाईकाला वाट बघायला बसवणं. ते उगवतं कमी आणि तेही रडतखडत. त्यापेक्षा एखाद्या झाडाची फांदी कापून लावलेली बरी.

पुस्तिकेत पेरणी मार्चमध्ये करा म्हटलंय. ते थंड मुलखात ठीक आहे. आपल्याकडे कोवळं रोप थेट एप्रिल-मेच्या उन्हात सापडेल. दसरा-दिवाळीच्या सुमारास पेरा, म्हणजे थंडीत मुळं धरतात. उन्हाळ्यात सकाळचं ऊन आणि दुपारी 50 टक्के ऊन अडवणारी हिरवी नेट पुरते.

खरा घोळ कुंडीत आहे. चारही झाडं एकत्र लावायला सांगितलीत आणि कुंडीला तळाशी भोकच नाही! सेज, थाईम आणि रोजमेरी भूमध्य समुद्राकाठच्या कोरड्या, खडकाळ उतारांवरची. दोन पाण्यांमध्ये माती सुकली तरच त्यांना मानवतं. बेसिल म्हणजे आपल्या तुळशीचीच भावकी. पाणी चुकलं की मान टाकते. तिला जगवायला पाणी घालाल तर सेज कुजेल. बेसिलला वेगळी कुंडी द्या आणि उरलेली तिघं 12 इंची कुंडीत एकत्र लावा.

माती भरताना कृष्णाकाठची काळी माती नकोच, ती पाणी धरून ठेवते. साखर कारखान्याच्या मळीचं खत आपल्याकडे मुबलक मिळतं, पण इथे ओंजळभरच घाला. जास्त झालं तर सेज नुसता पालेदार वाढतो आणि वास फिका पडतो. दोन भाग लाल माती, दोन भाग चाळलेला बारीक मुरूम आणि एक भाग जुनं शेणखत हे प्रमाण धरा. चकत्या फक्त रुजवणीपुरत्या वापरा, त्याही आधी दोनदा धुऊन. कोकोपीटमध्ये मीठ असतं. त्यात बोअरचं खारं पाणी पडत राहिलं की वर पांढरी साय धरते आणि पानांची टोकं करपतात.

पावसाळ्यात कुंडी पत्र्याखाली सरकवा. माती ओली असूनही पानं लोंबली आणि खोडाचा बुडखा तपकिरी, मऊ झाला, तर मूळकूज लागली असं समजा. नेमकं तेव्हाच लोक झाड तहानलंय म्हणून आणखी तांब्याभर ओततात. भुरी (पानांवर पांढरी भुकटी धरणारी बुरशी) आणि पिठ्या ढेकूण (कापसासारखी पांढरी, रस शोषणारी कीड) द्राक्षवाल्यांना सांगायला नकोत. इथेही दाट वाढ विरळ करा आणि लिटरला 5 मिली नीमतेल, थोडा द्रवसाबण घालून संध्याकाळी फवारा.

सेजच्या वासाने कोबीवरचे पतंग पळतात, असा दावा पुस्तिकेत ठळक छापलाय. ज्याच्या अळ्या कोबीची पानं खातात, त्या चौकोनी ठिपक्यांच्या पतंगाच्या बाबतीत तरी या दाव्याच्या भरवशावर राहू नका. कोबीला पाणीही जास्त लागतं, तेव्हा एका वाफ्यात नको. सेजची कुंडी वाफ्याशेजारी ठेवायला हरकत नाही.

रोप 15 सेंमीचं झालं की शेंडा खुडा. तोडणी पानं असलेल्या कोवळ्या फांदीवरच करा. उघड्या लाकडापर्यंत छाटलं तर तिथून फुटवा येईलच असं नाही. झाड मोठं झालं की थंडीत 8-10 सेंमीच्या फांद्या कापा, खालची पानं काढा आणि वाळूत खोचा. तीन-चार आठवड्यांत मुळं येतात, म्हणजे किट पुन्हा घ्यायला नको.

पाचपैकी अडीच तारे, तेही सेज आणि थाईमच्या बियांना. पॅकिंगची तारीख छापलेलं सुटं बी मिळत असेल तर ते घ्या आणि वाचलेल्या पैशांत तळाला भोकं असलेली मातीची कुंडी आणा.