पितळी कड्या गेल्या, वर १९,५४० रुपयेही गेले

‘पावसाळ्यापूर्वी खिडक्यांचं हार्डवेअर बदला, कंपनीचे अधिकृत फिटर, पाच वर्षं वॉरंटी.’ असं पिवळं पत्रक पेपरात घालून तुमच्याकडे आलं असेल, तर फोन लावायच्या आधी हे वाचा. पत्रकावर एका मोठ्या कंपनीचं नाव होतं. ते इथं लिहीत नाही, कारण त्या कंपनीचा या माणसांशी काडीचाही संबंध नाही, हे मला सगळं आटोपल्यावर कळलं.

आमची बिल्डिंग १९८७ ची, खाडीच्या बाजूची. अॅल्युमिनियमच्या स्लायडिंग खिडक्या बसवून घ्या म्हणून सगळ्यांनी मागे लागून झालं, पण सागवानी झडपा काढायला माझं मन होईना. सहा खिडक्या, बारा झडपा. त्यांना सासऱ्यांनी मुंबईच्या हार्डवेअर बाजारातून, नागदेवी स्ट्रीटवरून आणलेलं भरीव पितळी सामान: हँडलं, वरखाली बोल्ट आणि वाऱ्याने झडप आपटू नये म्हणून आकड्या. गेल्या पावसात निम्म्या आकड्या लागत नव्हत्या, हँडलं हातात डुगडुगायची, बोल्ट भोकात जायचे नाहीत. त्यात यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलेलं. डॉक्टर म्हणाले धूळ नको, आणि खिडक्या तर बंदच होत नव्हत्या. आमचा नेहमीचा मिस्त्री लग्नाला गावी गेलेला. आता मला शहाणपण शिकवणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं.

दोघं आले. टी-शर्टवर कंपनीचा लोगो, गळ्यात ओळखपत्र, हातात टेप. बोलणं इतकं गोड की विचारू नका. ‘काकू, मटेरियल गेलंय हो सगळं, आता हे धरणार नाही.’ भाव सांगितला सेटला ७८० रुपये, ‘प्युअर ब्रास, अलिगढचा माल’. सहा खिडक्या म्हणजे सहा सेट, ४,६८० रुपये, असा माझा हिशोब. कोणाचाही हाच झाला असता. सहा हजार अॅडव्हान्स मागितले, मजुरी धरून असतील म्हणून दिले. क्यूआर कोड स्कॅन केला तर नाव आलं कुठल्याशा किराणा स्टोअरचं. विचारलं. ‘मालकांचं दुसरं अकाउंट आहे, कंपनीचं केवायसीला अडकलंय.’ हे वाक्य तुम्हीही ऐकलं असेलच. ऐकलं की फोन खाली ठेवायचा आणि पैसे पाठवायचे नाहीत. पुढचं काही ऐकूनच घेऊ नका.

संध्याकाळी बिल हातात पडलं. सेट खिडकीला नव्हे, झडपेला. बारा सेटचे ९,३६०. फिटिंग नगाला १५०, बारा हँडलं, चोवीस बोल्ट, बारा आकड्या मिळून अठ्ठेचाळीस नग, म्हणजे ७,२००. त्यावर अठरा टक्के जीएसटी. एकूण १९,५४० रुपये, वरचे ८० पैसे ‘काकू, तुमच्यासाठी सोडले’. अॅडव्हान्स वजा जाऊन १३,५४० द्यायचे होते. भांडले. तो शांतपणे म्हणाला, नको असेल तर सगळं काढून नेतो, पण जुनं परत बसणार नाही, भोकं बदललीत. बाहेर काळं भरून आलेलं, बारा झडपा, घरात ऑपरेशनचा माणूस. दिले.

पण पैशांपेक्षा जास्त जिव्हारी लागलंय ते वेगळंच. काम चालू असताना जुनं सामान हा इसम एका गोणपाटाच्या पिशवीत टाकत होता. मी म्हटलं, ते इथंच ठेवा, आमचं आहे. तर म्हणे, ‘काकू, एक्स्चेंजची एंट्री करावी लागते, जुना माल जमा झाल्याशिवाय वॉरंटी चढत नाही.’ मी गप्प बसले, कारण फ्रीज घेताना, मिक्सर घेताना दुकानदार हेच सांगतात. पिशवी एवढी जड झाली की त्याच्या पोऱ्याला ती दोन्ही हातांनी उचलावी लागली. तो दाराशी अडखळला, आणि मी दार धरलं! नुसत्या झिजलेल्या, टाकाऊ कड्या इतक्या जड असतात का? हा प्रश्न त्या क्षणी डोक्यात आलाही होता. तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली. तो क्षण आठवला की अजून रात्री झोप उडते.

बेडरूमच्या खिडकीत एक जुना बोल्ट राहिला. त्याच्या स्क्रूची खाच झिजलेली, त्या फिटरला तो निघालाच नाही, म्हणून शेजारी नवीन ठोकून मोकळा झाला. आमचा मिस्त्री गावाहून आल्यावर त्याने तो हळूच काढून दिला. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवला: १९० ग्रॅम. नवा काढून ठेवला: ५५ ग्रॅम. मिस्त्रीने नव्याच्या पाठीवर कानस फिरवली, तर सोनेरी मुलामा निघून आत राखाडी धातू. जुन्याला फिरवली, तर आतपर्यंत पिवळाधमक. ‘प्युअर ब्रास’ म्हणणाऱ्या कोणालाही हे दोन मिनिटांत तुमच्यासमोर करून दाखवायला लावा. आणि लोहचुंबक चिकटला तर बोलायचंच नाही, पितळेला चुंबक चिकटत नाही. हार्डवेअरच्या दुकानात हाच मुलाम्याचा सेट झडपेला १६५ रुपये. म्हणजे बारा झडपांचे १,९८०. भांडीवाल्याला मोडीचा भाव विचारला, तर माझं तीन हजारांहून जास्तीचं पितळ त्या पिशवीतून गेलं.

त्यावर मिस्त्री म्हणाला ते आणखीनच जहर. ‘ताई, तुमच्या पितळेला काही झालं नव्हतं. मागे रंगवाल्याने पितळी स्क्रू काढून लोखंडी मारले, खाडीच्या हवेत ते गंजले, म्हणून सगळं डुगडुगत होतं.’ भोकांत लाकडाच्या काड्या फेविकॉल लावून ठोकायच्या, वाळल्यावर पितळी स्क्रू मारायचे, झालं. नव्या हँडलांचं काय झालं विचारू नका. पहिल्याच पावसात दिवाणखान्यातलं हँडल हातात आलं. मागच्या जुन्या भोकांत नुसती लांबी (पुट्टी) भरली होती, स्क्रू त्या लांबीतच मारलेला.

बिलाबद्दल सांगते, कारण हे आधीच दिसू शकतं. जीएसटी क्रमांक पंधरा अक्षर-अंकांचा असतो आणि महाराष्ट्राचा २७ ने सुरू होतो. माझ्या बिलावरचा चौदांचा, आणि सुरुवात भलत्याच आकड्याने. जीएसटीच्या पोर्टलवर क्रमांक टाकला की मालकाचं नाव येतं, फुकटात, लॉगिन न करता. नोंदणी नसलेल्याला जीएसटी गोळाच करता येत नाही. म्हणजे माझे २,९८० रुपये सरकारकडेही गेलेले नाहीत. पण सरकारला त्याचं काय!

आता आपल्या यंत्रणांकडे वळू. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन केला. म्हणाले, तुम्ही स्वतः स्कॅन करून पैसे दिलेत, ओटीपी गेला नाही, खातं हॅक झालं नाही, कामही झालंय, पोलीस स्टेशनला जा. बँकेत गेले. ‘ट्रान्झॅक्शन तुम्हीच ऑथराइज केलंय, मॅडम.’ ज्याच्या खात्यात पैसे गेले त्याचं नाव माझ्या स्क्रीनवर दिसतंय, पण खातं कोणाचं ते बँक मला सांगू शकत नाही, गोपनीयता म्हणे. माझी गोपनीयता त्या पिशवीत गेली.

पोलीस स्टेशनात आधी हवालदार, मग ‘साहेब राउंडला गेलेत’, मग साहेब आले ते मोबाइलवर बोलतच. सगळं ऐकून म्हणाले, ‘मावशी, हा दिवाणी मामला आहे. माल बसवलाय ना? मग ग्राहक मंचात जा.’ मी म्हटलं, आणि पितळ? ‘ते तुम्ही हाताने दिलंत.’ मग विचारलं, त्या पितळी सामानाची पावती आहे का? १९८७ ची! सासऱ्यांनी नागदेवीहून घेतलेल्या कड्यांची पावती मी आज कुठून पैदा करू? आणि पितळेचं म्हणून मुलाम्याचं गळ्यात मारलं, खोटं ओळखपत्र दाखवलं, यालाच तर फसवणूक म्हणतात. पूर्वीचं चारशेवीस, आता भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८. मी कलम बोलले तेव्हा साहेबांनी पहिल्यांदा मोबाइल खाली ठेवला, आणि हसले. अर्ज ठेवून जा म्हणाले. पोहोच मागितली तर शिक्का कपाटात, कपाटाची किल्ली रजेवर. तक्रार अर्ज नेहमी दोन प्रतींत न्या आणि शिक्का मिळेपर्यंत बाकावरून उठू नका. मी उठले, आता तो अर्ज ‘सापडत नाही’.

१९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर निदान नीट बोलले. पण समोरच्याचा पत्ता द्या म्हणतात. पत्ता असता तर मीच नसते का गेले! जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, दोन वर्षांची मुदत आहे, सगळं खरं, पण नोटीस पाठवायची कुठे? पत्रकावरच्या पत्त्यावर झेरॉक्सचं दुकान आहे.

आणि आपली सोसायटी. गेटवरच्या वहीत त्या दोघांनी नाव लिहिलंय फक्त ‘खिडकीवाले’, मोबाइल नऊ आकडी. वॉचमनला म्हटलं तर तो म्हणतो, तुमच्याकडेच आले होते. सीसीटीव्ही मागितला तर सेक्रेटरी म्हणाले पोलिसांचं पत्र आणा. पोलीस म्हणाले आधी फुटेज आणा. या टोलवाटोलवीत पंधरा दिवस झाले आणि फुटेजवर नवीन फुटेज चढलं. असं काही झालं तर त्याच दिवशी, त्याच तासाला फुटेज पेनड्राइव्हवर घ्या, कमिटीशी भांडण नंतर करा.

आता सगळा कागद पोस्टाने पोलिसांच्या वरिष्ठांकडे पाठवलाय. पोलीस ठाण्याने गुन्हा नोंदवला नाही तर तशी सोय कायद्यात आहे, त्यानंतर मॅजिस्ट्रेटकडेही जाता येतं. पोस्टाची पोहोच आली आहे, उत्तर नाही.

जुनी पितळी कडी, बिजागरी, टाळं, काहीही असो, काम चालू असताना ते आपल्या डब्यात, आपल्या हाताने भरा. भाव नगावर ठरवा, ‘सेट’ हा शब्द आला की सेटमध्ये काय काय ते कागदावर लिहून घ्या. बिलाशिवाय पुढचा पैसा नाही. आणि कोणाकडे ते पिवळं पत्रक आलं असेल, तर त्याचा आणि क्यूआर कोडवर आलेल्या नावाचा फोटो काढून ठेवा. नाव किराणा स्टोअरचंच निघालं तर मला जरूर कळवा. दोघींच्या दोन तक्रारी एकत्र गेल्या, तर साहेबांना दिवाणी मामला म्हणणं जरा जड जाईल.